"ते तर फक्त डबल्स खेळायचे ना?" : आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

मॅनेजिंग कमिटी, स्पोर्ट्स सब-कमिटी आणि टेनिस ग्रुपवरचे सगळे आई-बाबा,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी क्लबहाऊसमध्ये मीटिंग झाली, त्यात टेनिस कोचचा विषय सगळ्यात शेवटी आला आणि जेवायची वेळ झाली होती म्हणून दहा मिनिटांत उरकला. बाहेरच्या एका अकॅडमीचं पॅकेज घ्यायचं आणि आत्ताच्या सरांना महिनाअखेरीला मोकळं करायचं असं जवळजवळ ठरलंच. मी कारण विचारलं तर कोणीतरी म्हणालं, "ते तर फक्त डबल्स खेळायचे ना, आपल्या मुलांना सिंगल्स कोण शिकवणार?" आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी त्यावर काही बोलले नाही. त्याची आठवडाभर टोचणी लागून राहिलीये म्हणून लिहायला बसले. लांब झालंय, तरी निर्णय घ्यायच्या आधी एकदा शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

सरांचं नाव लिहीत नाही कारण त्यांना न विचारता लिहितेय. ज्यांची मुलं टेनिसला जात नाहीत त्यांच्यासाठी सांगते, सर त्यांच्या काळात स्टेटचे डबल्स चॅम्पियन होते, नॅशनल्स खेळलेत, सिंगल्समध्ये आपलं फार काही झालं नाही हे ते स्वतःच सांगतात. गेली तीन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ ते आपल्या कोर्टवर असतात. पावसाळ्यात कोर्टला शेवाळं धरतं तेव्हा हाऊसकीपिंगची वाट न बघता स्वतः वायपर घेऊन ट्रॅम लाईनपर्यंत (कोर्टच्या कडेच्या रेघांपर्यंत) पाणी काढताना तुमच्यापैकी कित्येकांनी त्यांना बाल्कनीतून बघितलंही असेल.

आता त्या "फक्त डबल्स" वर येते.

आपल्या देशाने सीनियर लेव्हलला जेवढे ग्रँड स्लॅम जिंकलेत ते सगळेच्या सगळे डबल्स आणि मिक्स्ड डबल्सचे आहेत. १९९७ ला महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीबरोबर फ्रेंच ओपनचं मिक्स्ड जिंकलं ते पहिलं. मग १९९९ ला लिएंडर पेस आणि भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या फायनलला गेले, त्यातलं फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकले, ते वर्ष आठवत असेल त्यांना आठवत असेल की तेव्हा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पोरं प्लास्टिकच्या रॅकेटी घेऊन छातीला छाती भिडवून उड्या मारायची. त्यानंतर सानिया मिर्झाचे सहा, त्यातले तीन मार्टिना हिंगिसबरोबर, आणि रोहन बोपण्णा, ज्याने २०२४ ला ४३ व्या वर्षी मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं आणि डबल्सचा आतापर्यंतचा सगळ्यात जास्त वयाचा नंबर वन झाला. पेसचं १९९६ चं अटलांटाचं ब्राँझ सिंगल्सचं होतं हे मला माहितीये आणि रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ असे लागोपाठ दोनदा विम्बल्डनच्या सेमीला गेले होते हेही माहितीये, त्याचा अभिमान आहेच. पण ज्या खेळात आपण जगज्जेते झालो तो डबल्स आहे, आणि तोच आपल्या कमिटीच्या मीटिंगमध्ये दुय्यम ठरतो, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आणि आपल्या महाराष्ट्राचं बघा. १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये पेसबरोबर डबल्सचं गोल्ड जिंकणारा गौरव नाटेकर आपला, बॅडमिंटनवाल्या नंदू नाटेकरांचा मुलगा. २०२३ ला हांगझोऊला बोपण्णाबरोबर मिक्स्डचं गोल्ड आणणारी ऋतुजा भोसले आपली. त्या फायनलचा पहिला सेट ते २-६ हरले होते, दुसरा ६-३ काढला आणि मग तिसऱ्या सेटऐवजी असतो तो दहा पॉइंटचा सुपर टायब्रेक १०-४. माझी मुलगी तेव्हा अकराची होती, सोफ्यावर उभी राहून बघत होती.

आता कोणी म्हणेल, खेळाडू म्हणून ठीक आहे हो, पण कोच म्हणून काय? तर मला पॉल अॅनाकोनची गोष्ट सांगू दे, कारण माझ्या मते या सगळ्या वादाचं उत्तर त्या एका माणसाच्या करिअरमध्ये आहे.

अॅनाकोन अमेरिकेचा. सिंगल्समध्ये त्याचं बेस्ट रँकिंग १२, म्हणजे चांगलंच, पण लक्षात राहील असं त्याचं मोठं यश डबल्समधलं. १९८५ ला दक्षिण आफ्रिकेच्या क्रिस्टो व्हॅन रेन्सबर्गबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन. आता जानेवारी १९९५, मेलबर्न. पीट सॅम्प्रसचा कोच टिम गलिक्सन तिथेच आजारी पडला, पुढे ब्रेन कॅन्सर निघाला आणि १९९६ च्या मे महिन्यात तो गेला. त्या आजारपणाच्या काळजीत सॅम्प्रस जिम कुरियरविरुद्धच्या क्वार्टर फायनलला कोर्टवरच रडला होता, रडत रडत सर्व्हिस करत होता आणि दोन सेट मागे असूनही ती मॅच जिंकला. त्या काळात टिमच्या जागी तात्पुरता म्हणून जो उभा राहिला तो अॅनाकोन. तात्पुरता आलेला माणूस वर्षानुवर्षं राहिला. मधे एकदा ते वेगळे झाले आणि २००२ च्या यूएस ओपनच्या आधी सॅम्प्रसने त्याला परत बोलावलं, ती सॅम्प्रसची शेवटची टुर्नामेंट आणि ती तो जिंकला. सॅम्प्रसच्या १४ ग्रँड स्लॅमपैकी ९ अॅनाकोन बरोबर असतानाचे आहेत, मी स्वतः वर्षं मांडून मोजलेत. आणि पुढे २०१० मध्ये रॉजर फेडररने कोणाला बोलावलं? याच अॅनाकोनला. २०१२ चं विम्बल्डन फेडररने जिंकलं आणि पुन्हा नंबर वन झाला तेव्हा प्रेक्षकांत त्याच्या माणसांसाठीच्या बॉक्समध्ये अॅनाकोन बसला होता. सिंगल्सच्या इतिहासातल्या दोन सगळ्यात मोठ्या खेळाडूंना एक डबल्सचा चॅम्पियन कोच म्हणून चालला, आणि आपल्या अंडर-१२ च्या बॅचला चालत नाही?

का चालला असेल याचा मी खूप विचार केलाय, म्हणजे मी काही टेनिस खेळलेली नाही, पण तीन वर्षं कोर्टच्या जाळीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघितलंय. सिंगल्सवाला आयुष्यभर स्वतःच्या खेळाचा विचार करतो आणि करायलाच पाहिजे. डबल्सवाल्याला मात्र लहानपणापासून दुसऱ्या माणसाकडे बघायची सवय लागलेली असते. आज पार्टनरची सर्व्हिस बसत नाहीये, मग मी नेटवर जरा जास्त हलतो. तो घाबरलाय, मग पुढचा पॉइंट सोपा खेळू. त्याच्या डोक्यात मागचीच चूक आहे, मग जवळ जाऊन दोन शब्द बोलू. कोचचं काम तरी आणखी काय असतं?

आपल्या कोर्टवरचीच एक गोष्ट सांगते. सरांकडे स्किपिंगची एक जुनी निळी दोरी आहे, मुठी तुटलेली. दोन मुलांना शेजारी शेजारी उभं करून ते ती दोरी दोघांच्या कमरेला बांधतात, मधे आठ-दहा फूट सैल सोडून, आणि समोरून बॉल फीड करतात. एक उजवीकडे धावला की दोरी ताणली जाते, दुसऱ्याला त्याच्याबरोबर सरकावंच लागतं, नाहीतर ओढला जातो. पहिल्या दिवशी माझी मुलगी आणि बी विंगमधला एक मुलगा एकमेकांवर इतके चिडले की बोलणंच बंद. सर काही बोलले नाहीत, फीड करत राहिले. चौथ्या-पाचव्या दिवशी दोरी सोडली तरी दोघं बरोबर हलायला लागले, आणि मधे बॉल आला की कोणीतरी एक जण मोठ्याने "माझा!" म्हणून ओरडायला लागला. बाहेर सगळे "माईन" म्हणतात, आपल्या कोर्टवर "माझा" म्हणतात, संध्याकाळी सातव्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. त्याची तक्रारही झालीये ग्रुपवर. मला तर तो आवाज आला की बरं वाटतं, कारण त्याआधी हीच मुलं बॉल मधोमध आला की एकमेकांकडे बघत उभी राहायची आणि मग चूक कोणाची यावर भांडायची.

सर त्यांना मधला बॉल का खेळायचा तेही शिकवतात. नेट खांबापाशी साडेतीन फूट आणि मधे तीन फूट असतं, म्हणजे मधून मारलेला बॉल सगळ्यात कमी उंचीवरून जातो आणि समोरचे दोघंही क्षणभर घुटमळतात. हे मला माझ्या मुलीने भाजी निवडताना समजावून सांगितलं, मेथीच्या दोन काड्या आडव्या ठेवून. पाठीमागे हात नेऊन मूठ किंवा उघडा पंजा दाखवून सर्व्हरला इशारा करायचा, रिटर्न समोरच्याच्या पायाशी टाकायचा, लॉब (डोक्यावरून उंच मारलेला बॉल) आला की न बोलता जागा बदलायची, हे सगळं ती शिकलीये. आणि यामुळे तिचं सिंगल्स बिघडलं का? उलट आधी बेसलाईन, म्हणजे कोर्टची मागची रेघ, सोडायला घाबरायची ती आता पॉइंट संपवायला नेटवर जाते. व्हॉली, सर्व्हिस, रिटर्न, हे सिंगल्समध्ये लागत नाही का?

हिशोबाचंही बोलते, कारण कमिटीला हिशोब लागतो आणि तो बरोबरच आहे. आपल्याकडे कोर्ट दोन, त्यातल्या एकाची जाळी फाटलेली, आणि बॅचमध्ये २६ मुलं. एका कोर्टवर सिंगल्सला दोन मुलं खेळतात, डबल्सला चार. सिंगल्सचं कोर्ट २७ फूट रुंद असतं, डबल्सला दोन्ही बाजूच्या साडेचार-साडेचार फुटांच्या गल्ल्या धरून ३६ होतं, म्हणजे आपण ती जागा बांधलीये, तिचा मेंटेनन्स भरतो, आणि ती वापरायची मात्र नाही? बाहेरच्या अकॅडमीच्या माहितीपत्रकात बॉल मशीन आहे, व्हिडिओ अॅनालिसिसचं अॅप आहे, सगळं छान आहे. पण मी फोन करून विचारलं की डबल्सचं सेशन कधी असतं, तर उत्तर आलं की मॅडम, मुलं अठरा वर्षांची झाल्यावर बघू. बाकीची मुलं तोपर्यंत काय करणार, तर लाईनीत उभी राहून दोन-दोन बॉल मारणार.

अठराव्या वर्षी बघू म्हणणाऱ्यांना हेही माहीत असायला हवं की आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनच्या) ज्युनियर रँकिंगमध्ये डबल्सचे पॉइंटही धरतात, सिंगल्सच्या चौथ्या हिश्श्याने का होईना. आणि ज्यांना मुलांना अमेरिकेत कॉलेजला पाठवायचंय (आपल्या ग्रुपवर असे चार-पाच तरी पालक आहेत), त्यांनी बघून ठेवा, तिथे कॉलेजच्या टीम मॅचमध्ये सुरुवातीला डबल्सच्या तीन मॅच होतात आणि त्यातल्या दोन जिंकणाऱ्या टीमला पहिला पॉइंट मिळतो. ऋतुजा भोसलेसुद्धा टेक्सास ए अँड एमकडून खेळलीये. तिथल्या कोचला सिंगल्स आणि डबल्स दोन्ही खेळणारी मुलं लागतात.

आता जरा घरचं. मागच्या वर्षी मुलीची मुंबईत एक टुर्नामेंट होती. पहाटे पाचला निघालो कारण मेट्रोच्या कामाने माजिवड्याला ट्रॅफिकचं काय होईल सांगता येत नाही. सिंगल्सची मॅच साडेनऊला संपली, ०-६, १-६. ती गाडीत जाऊन बसली आणि घरी चल म्हणाली. मी पण निघणारच होते, खरं सांगते, बाकीचे सगळे पालकही हरलं की निघूनच जातात, डबल्सचे ड्रॉ अर्धे वॉकओव्हरवर, म्हणजे समोरचे आलेच नाहीत म्हणून, संपतात. सरांचा फोन आला, म्हणाले थांबा, डबल्सला नाव दिलंय. पार्टनर कोण तर कळव्याची एक मुलगी, सकाळी पहिल्यांदा भेटलेली. मॅच संध्याकाळी पाचला. दिवसभर दोघी एका झाडाखाली बसल्या, डबा खाल्ला, एकमेकींना विचारत होत्या तू फोरहँड साईड घेशील का, तुला लॉब जमतो का. एक मॅच जिंकल्या, दुसरी हरल्या. पण गाडीत परत येताना ती सिंगल्सबद्दल एक शब्द बोलली नाही, ठाण्यात पोचेपर्यंत त्या एका टायब्रेकबद्दल बोलत होती. त्या दिवशी आम्ही साडेनऊला निघालो असतो तर तिने टेनिस सोडलं असतं असं मला वाटतं. कळव्याची ती मुलगी आता दर महिन्याला घरी येते.

अजून एका डबल्स चॅम्पियनबद्दल लिहायचंय, आणि इथे विषय जरा गंभीर आहे. पॅम श्रायव्हर. १९७८ ला सोळाव्या वर्षी यूएस ओपनच्या सेमीला तिने मार्टिना नवरातिलोव्हाला हरवलं, फायनलला ख्रिस एव्हर्टकडून हरली, आणि त्यानंतर सिंगल्सच्या ग्रँड स्लॅम फायनलला ती पुन्हा कधीच पोचली नाही. पण त्याच मार्टिनाबरोबर डबल्सचे २० ग्रँड स्लॅम जिंकले. १९८३ ते १९८५ मध्ये दोघी लागोपाठ १०९ मॅच जिंकल्या, १९८४ ला चारही ग्रँड स्लॅम. पुढे बरीच वर्षं कॉमेंट्री केली आणि साठीला आल्यावर क्रोएशियाच्या डोना वेकिचच्या कोचिंग टीममध्ये गेली. २०२४ ला वेकिच विम्बल्डनच्या सेमीपर्यंत पोचली, जास्मिन पाओलिनीविरुद्धची ती सेमी २ तास ५१ मिनिटं चालली, विम्बल्डनमधली बायकांची सगळ्यात लांब सेमी.

पण २०२२ मध्ये याच श्रायव्हरने जाहीरपणे सांगितलं की ती १७ वर्षांची असताना तिच्या ५० वर्षांच्या कोचबरोबर तिचे संबंध सुरू झाले, ते पाच वर्षांहून जास्त चालले आणि त्याने तिचं किती नुकसान झालं. चाळीस वर्षं तिने हे मनात ठेवलं होतं. एवढं सोसून ती पुन्हा कोच म्हणून कोर्टवर आली याचं मला फार मोठं वाटतं.

हे का लिहितेय? कारण कोच निवडताना आपण सिंगल्स की डबल्स हे विचारत बसलो आणि जे विचारायला हवं ते कोणी विचारलंच नाही. कोचिंग चालू असताना पालकांना बसून बघता येईल का? मुलींना बाहेरगावी टुर्नामेंटला नेताना बरोबर कोण असेल? कोच मुलांना खासगीत मेसेज करणार की फक्त पालकांच्या ग्रुपवर? आपले सर पहिल्या दिवसापासून कोर्टचं गेट उघडं ठेवतात, मुलांना एकट्याने मेसेज करत नाहीत, आणि टुर्नामेंटला एक तरी आई किंवा बाबा असल्याशिवाय नेत नाहीत. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणते उद्या कोच कोणीही असो, सर असोत की ती अकॅडमी, हे तीन नियम लेखी करा आणि क्लबहाऊसच्या बोर्डवर लावा. हे माझ्यासाठी बाकी सगळ्याच्या आधी आहे.

सरांच्या बाजूने लिहितेय म्हणून त्यांचं सगळंच बरोबर असं नाही. फिटनेसवर ते कमी वेळ देतात, मोठ्या मुलांना सिंगल्सच्या लांब रॅलीसाठी जो दम लागतो त्याचं ट्रेनिंग वेगळं हवंय, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय आणि त्यांनी मान्य केलंय. त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस फिटनेस ट्रेनर घ्या, अकॅडमीच्या पॅकेजपेक्षा ते खूप स्वस्त पडेल. फीचं वेळापत्रक लेखी नाही, तेही करून घ्या. दुसऱ्या कोर्टचं पिकलबॉल करायचं का यावर माझं काही टोकाचं मत नाही, आजी-आजोबा खेळतील तर चांगलंच आहे, फक्त संध्याकाळी पाच ते सात ते टेनिससाठी सोडा.

बोपण्णाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. बंगळुरूला त्याची अकॅडमी आहे, आपल्या देशातल्या डबल्सच्या खेळाडूंना उभं करायचं काम त्याने खेळत असतानाच सुरू केलं होतं. तो आपल्या ठाण्यात येऊन शिकवतो म्हणाला असता तर मीटिंगमध्ये कोणी म्हणालं असतं का की हे तर फक्त डबल्स खेळायचे? सर काही बोपण्णा नाहीत. पण त्यांनी आयुष्याची वीस वर्षं ज्या खेळाला दिली तो खेळ तोच आहे, आणि त्यांच्यासमोर नाही तरी त्यांच्या पाठीमागे तो असा हलका करू नये एवढं माझं म्हणणं आहे.

तर विनंती अशी की महिनाअखेरीचा निर्णय एक महिना पुढे ढकला. अकॅडमीच्या कोचलाही बोलवा, दोघांचंही एक-एक सेशन बघू, मुलांनाही विचारू. आणि त्याआधी येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला कमिटीतल्या निदान तिघांनी तरी कोर्ट नंबर एकवर या. चहा मी घेऊन येईन. मुलं डबल्स खेळत असतील. निळी दोरी सरांच्या किटबॅगच्या बाहेरच्या कप्प्यात असते, कोणाला कमरेला बांधून बघायची असेल तर दुसऱ्या टोकाला मी उभी राहते.

आपली,
सी विंगमधली एक टेनिसवाली आई
घोडबंदर रोड, ठाणे